माळ्यावरची टायरची जोडी

दाजींनी गाडी टेम्पोतून उतरवली तेव्हा मी एका स्कूटरचं चाक खोलून बसलो होतो. मान वर केली नाही. बघायचंच नव्हतं. तरी बघितलं, आणि पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना.

मोटरसायकल बाबांची. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. चाक खोलायला मी पहिल्यांदा शिकलो ते तिचंच, आणि आज माझं टायरचं दुकान आहे ते त्या एका चाकापायी. पुढे ती कित्येक वर्षं शेडमध्ये पडून होती. मग दीड वर्षापूर्वी बाबांनी ती उचलून दाजींना दिली. दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. विमा कंपनीत नोकरी, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पाना कसा धरायचा हेसुद्धा व्हिडिओ बघून शिकलेला माणूस. पण शिकला. दीड वर्षात त्यांनी गाडी नखशिखांत नवी केली. टाकीत तोंड दिसत होतं. माझं तोंड त्यात काही बरं दिसत नव्हतं.

पाठोपाठ बाबा उतरले. माझ्या दुकानात ते रोज येतात, पण येतात ते कसला तरी जुना सदरा अडकवून. आज शर्टाला कडक इस्त्री होती.

“बाबा, जपून,” दाजी म्हणाले.

माझ्या बाबांना तेही बाबाच म्हणतात. कुणी सांगितलंय?

“फक्त टायर राहिलेत,” दाजींनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. “असे हवेत. मागे असा रुंद टायर बसवला की काय रुबाब येईल!”

टायर कसले, रणगाड्याची चाकं होती ती. या गाडीची रिम अरुंद. तिच्यावर असला जाडा टायर चढवला तर तो मध्येच फुगतो, चेनगार्डला घासतो आणि वळणावर गाडी रेड्यासारखी अडून बसते. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण मी मूग गिळून बसलो. होऊ दे फजिती, म्हटलं.

“गाडी तुमची, तुम्ही ठरवा,” मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग दाजींना म्हणाले, “नाही हो जावईबापू, इतका रुंद नाही चालायचा. हिच्या मापाचाच घ्या.”

दाजींनी लगेच ऐकलं. हाही एक वैतागच. माणूस हट्टी असता तर मला भांडता तरी आलं असतं. त्यांनी पाकिटातून एक जुना फोटो काढला. गाडीवर तरुण बाबा, केस वाऱ्यानं उडालेले, आणि पुढच्या टायरवर सरळ उभ्या रेघा, मागच्यावर चौकोनी ठोकळे. हा फोटो आमच्या घरच्या अल्बममधला. तो यांच्या पाकिटात कसा गेला हे मी विचारलं नाही. ताईनेच दिला असणार.

“मग अगदी असेच मिळतील का?”

“ही नक्षी बंद झाली,” मी म्हणालो. “कंपनी काढत नाही आता.”

खोटं नव्हतं ते. फक्त अर्धं होतं. शेवटची जोडी दाजींच्या डोक्याच्या बरोबर वर, माझ्या माळ्यावर चादरीत गुंडाळलेली होती.

“अरे, मग वर ते काय आहे?” बाबा म्हणाले. “ते चादरीतलं. कुणाला हात लावू देत नाहीस ते.”

रोज दुकानात येऊन बसणाऱ्या बापापासून काय लपणार! मी शिडी लावली आणि जोडी खाली आणली.

चादर सोडताच दाजी तिथेच उकिडवे बसले. टायरवर नव्या रबराचे केस तसेच होते, एकही झिजलेला नाही. बाबांनी ठोकळ्यांवरून हात फिरवला. चेहरा असा खुलला की मला वाटलं, हा चेहरा यांनी माझ्यासाठी कधी काढला होता? आठवेना.

“काय वाटेल ते घ्या, पण हेच बसवा,” दाजी म्हणाले.

आता टायरवाल्याला जे माहीत असतं ते दाजींना कुठून माहीत असणार? प्रत्येक टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हा टायर चौदा वर्षांचा होता. एक किलोमीटर न चालताही रबर म्हातारं होतं. वरून चकचकीत, आतून लाकूड. कोरड्या रस्त्यावर चार दिवस चालेल; रस्ता ओला झाला की धरायचं सोडून देईल.

खरं सांगतो, माझ्या मनात आलं की बसवावेत. मरणबिरण नाही, देवाशप्पथ. फक्त एका वळणावर गाडी घसरावी, पांढऱ्या शर्टाला चिखल लागावा आणि बाबांनी म्हणावं, “गाडी काय सगळ्यांनाच जमते होय?” इतकंच. मी चाक सोडवायला पानासुद्धा हातात घेतला.

“पहिली चक्कर बाबांना मागे बसवून,” दाजी म्हणाले. “वरच्या घाटापर्यंत.”

ते हे बोलले नसते तर मी तोंड उघडलं असतं की नाही, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही.

“हे मी बसवणार नाही,” मी पाना खाली ठेवला. “बाद आहेत.”

“बाद?” दाजींचा आवाज चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “कोरे करकरीत आहेत! तुम्हाला द्यायचेच नाहीत तर सरळ सांगा ना. गाडी मला मिळाल्यापासून तुमचं तोंड वाकडं आहे, मला काय दिसत नाही?”

तळपायाची आग मस्तकात गेली. दीड वर्ष मनात जळत होतो तेव्हा कुणी हटकलं नाही, आणि आता भल्याचं सांगितलं तर हे! मी टायर उचलला, गुडघ्यावर दाबून वाकवला आणि त्यांच्या नाकासमोर धरला. ठोकळ्यांच्या मधल्या खाचांत बारीक बारीक भेगा उघडल्या.

“नख रुतवा. रुततंय? हे आकडे वाचा. चौदा वर्षं झालीत. बाबांना यावर बसवणार होतात?”

दाजींनी नख रुतवून बघितलं. आकडे वाचले. चेहरा उतरला. “चुकलं माझं,” ते म्हणाले. तेही लगेच.

बाबा मात्र टायरकडे बघत नव्हते. “चौदा वर्षांपूर्वी कशाला घेतलेस रे?” त्यांनी विचारलं. “असली जुनी नक्षी दुसरं कुणी मागत नाही.”

टायरच्या दुकानात टायर का आहे, हे आता टायरवाल्याला विचारत होते.

“आपल्या गाडीसाठी,” मी म्हणालो. “नक्षी बंद होणार असं कळलं. म्हटलं, तुम्ही कधी ना कधी मला द्याल.”

“मी तुला दर वर्षी विचारायचो, हिचं काय करू.”

“हो.”

“तू दर वर्षी म्हणायचास, गाडी तुमची, तुम्ही ठरवा.”

“तुम्हाला कळायला हवं होतं.”

“मला वाटलं, तुला नकोय.” बाबांनी चष्मा काढून पुसला. “यांनी मागितली रे. तू मागितलीच नाहीस.”

दाजी उगाच टाकी पुसत राहिले. गाडी परत देतो म्हणाले नाहीत. मीही नसतो म्हणालो.

शेवटी मी आतून दुसरी जोडी काढली. माप तेच, पुढे रेघा, मागे साधी नक्षी, कारखान्यातून निघून तीन महिनेही झाले नव्हते. आऱ्यांची चाकं म्हणून आत नव्या ट्यूब, रिमला नवी पट्टी. हात राखून काम करता आलं असतं. केलं नाही. दोन्ही चाकं इतकी सरळ बसवली की माझं मलाच वाईट वाटलं.

“ती जुनी जोडी मला द्याल?” दाजींनी दबकत विचारलं. “भिंतीवर लावीन.”

“नाही. बाद टायर माझ्या दुकानातून अख्खा बाहेर जात नाही. कुणीतरी उचलतं आणि बसवतं. कापूनच टाकतो मी.”

दाजी बाहेर गेले. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. आवाज लहानपणी ऐकलेला, तोच. त्यांनी मागची सीट फडक्यानं पुसली आणि हाक मारली, “बाबा, चला!”

मी करवत काढली आणि टायर ओट्यावर ठेवला. एकट्यानं कापायला तो अवघड. रबर निसटतं, आतली तार ब्लेड अडवते. बाबा दारापर्यंत गेले. तिथे थांबले.

“थांबा जरा,” त्यांनी बाहेर सांगितलं. मग परत आले, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हातांनी टायर घट्ट दाबून धरला.

“काप,” म्हणाले.

दाजी बाहेर गाडी चालू ठेवून वाट बघत होते. मी करवत मुद्दाम हळू चालवली.