हंसाची मान

आत्याचे हात कायम गार, आणि त्याचा तिला केवढा तोरा! चॉकलेटच्या कामाला असलेच हात लागतात, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. भाचीचे तळवे मात्र जन्माचे गरम. साच्यातून काढलेलं चॉकलेट नुसतं उचललं तरी त्यावर तिच्या बोटांचे ठसे. म्हणून दुकानात आल्या दिवसापासून तिची रवानगी काउंटरवर. मागच्या खोलीतल्या टेबलाशी काम करायचं, एवढं एकच तिला हवं होतं. आणि ते आपल्याला जमणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

त्या दुपारी हॉटेलवाल्यांची गाडी चॉकलेटचा हंस न्यायला येणार होती. अंग झालं, पंख झाले, पण मान काही केल्या बसेना. मानेचं बूड सपाट, हंसाचा खांदा गोल. आत्या मध्ये पातळ चॉकलेट भरून मान टेकवायची, की सांध्यावर हा एवढा गोळा! खरवडायला जावं तर मान निखळून हातात.

"अगं बाई, हंसाला गलगंड झालाय!" भाची दारातून म्हणाली.

"तोंड आवर. काउंटरवर कोण आहे?"

"कुणी नाही. आत्या, मला एकदा हात लावू दे."

"तुझे हात? सगळा हंस वितळवशील!"

"सगळा कशाला? खांद्यापुरताच."

आत्या चिडली होती, पण टेकीलाही आली होती. बाजूला सरकली. भाचीने हात धुऊन कोरडे केले, अंगठा खांद्यावर टेकवला आणि सावकाश फिरवला. चॉकलेट लोण्यासारखं मऊ पडलं. बुडाच्या मापाचा खळगा झाला.

"आता मान तू धर. माझ्या हातात टिकायची नाही."

आत्याने गार बोटांनी मान बसवली आणि धरून ठेवली. भाचीने सांध्याभोवती करंगळी फिरवली. सांधा कुठे होता, ते शोधूनही सापडेना. आत्याने हात काढला तेव्हा हंस ऐटीत उभा होता, आणि भाचीला नाचावंसं वाटत होतं.

तेवढ्यात काउंटरवरची घंटा वाजली. सवयीने ती निघाली.

"थांब. गिऱ्हाईक मी बघते," आत्या म्हणाली. "चोचीवर साच्याची रेघ राहिलीय, ती पूस तुझ्या अंगठ्याने."

थोड्या वेळाने पुढून हाक आली, "अगं, पिशव्या कुठे ठेवतेस?"

"खालच्या कप्प्यात," भाची मान वर न करता म्हणाली. "शोध, सापडतील."