आफ्राकोमा आजीचे हात

आमच्या नवऱ्याला कॅमेऱ्यातलं सगळं कळतं, फक्त स्वतःची चूक कळत नाही. बोआडू त्याचं नाव. आमच्या कुमासी शहरात मयतीचे व्हिडिओ काढणारे गल्लोगल्ली आहेत, पण आमचं नाव जरा वर आहे. तो शूटिंग करतो, मी संगणकावर बसून जोडते, आणि आमची भांडणंही तिथेच होतात.

गेल्या महिन्यात आमच्या ओळखीच्या आफ्राकोमा आजीच्या भावाची मयत होती. मांडव, ढोल, लाल-काळे कपडे, आणि मग मयताच्या जवळच्या माणसाने करायचा आडोवा नाच; तो आजीने केला. त्यात पायांपेक्षा हातच जास्त बोलतात. व्हिडिओत हा नाच संथ करून दाखवायचा, ही इथली रीत. नाही केला तर घरचे म्हणतात, माणसाचा मान ठेवला नाही. म्हणून नाच घेताना कॅमेरा सेकंदाला पन्नास चित्रांवर ठेवायचा, म्हणजे मागाहून वेग कमी केला तरी हालचाल मऊ राहते. एवढं तर आता मलाही झोपेत सांगता येईल.

पण त्या दिवशी या शहाण्याच्या डोक्यात सिनेमा शिरला. चोवीसवर घेतलं की सिनेमासारखं दिसतं म्हणे. त्यात भर उन्हात शटर इतकं जलद ठेवलं, की एकेक चित्र सुरीने कापल्यासारखं आलं. मी ते संथ करायला घेतलं आणि कपाळावर हात मारला. चोवीस चित्रं ताणून किती पुरणार? तेच चित्र थांबून राहायचं आणि मग पुढचं धाडकन यायचं. आजी छातीवरून हात उचलायची तो झटके खात, थरथरत वर जायचा. आहे त्या वेगाने ठेवू, असं मी म्हटलं. तर हा म्हणतो, संथ का नाही विचारलं तर मी काय तोंड दाखवू? मयत काही परत करता येत नाही. मी वैतागले, जाऊ दे म्हटलं आणि तसाच व्हिडिओ पाठवून दिला. तेव्हाच हट्टाला पेटायला हवं होतं.

व्हिडिओ गेला टोरांटोला, आजीच्या मुलीकडे. बिरागो तिचं नाव. तिला मामाच्या मयतीला येता आलं नव्हतं. तिथे राहण्याच्या कागदांसाठी ती कित्येक वर्षं थांबली होती आणि आता कुठे सुनावणीची तारीख लागली होती. त्याआधी देश सोडला की सगळं संपलं, पुन्हा तिकडे पाऊल टाकायचं नाही.

तिचा फोन आला तेव्हा मी शेजारीच भाजी निवडत होते.

"दादा, आईचे हात कधीपासून थरथरतात?" तिने विचारलं.

बोआडूने माझ्याकडे पाहिलं. मी मानेने खुणावलं, सांग.

"वय झालं, ताई," तो म्हणाला. "चालायचंच."

फोन ठेवल्यावर मी त्याला असं फैलावर घेतलं की शेजारीण डोकावून गेली. तो खाली बघत म्हणाला, अख्खं कुमासी हसेल, उद्या सांगतो तिला. आणि मीही गप्प बसले. तो फोन त्याच्या हातातून ओढून मला बोलता आलं असतं की नाही? आलं असतं. पण आमचं नाव खराब होईल, हे माझ्याही मनात आलंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने खरंच फोन लावला, पुन्हा पुन्हा लावला. तिने काही उचलला नाही.

मग आजीकडून जेवायचं बोलावणं आलं. बिरागो आली होती.

तिने आईला विचारलं होतं, भावकीला विचारलं होतं. सगळे म्हणाले, ठणठणीत आहे. पण मामाचं दुखणंही याच लोकांनी शेवटपर्यंत तिच्यापासून लपवलं होतं. त्यांच्यावर ती विश्वास कसा ठेवणार? तिने आपल्या डोळ्यांवर ठेवला, म्हणजे आमच्या व्हिडिओवर.

आम्ही अंगणात बसलो. आजी चुलीकडून काठोकाठ भरलेलं गरम रश्श्याचं भांडं घेऊन आली आणि थेंबही न सांडता खाली ठेवलं. बिरागो त्या हातांकडेच बघत होती. आजी परत आत गेल्यावर ती हळूच बोलली.

"दादा, व्हिडिओत हे हात हलत होते."

"हात नाही हलत, ताई. मी चित्रं कमी घेतली होती."

"मग फोनवर का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, मलाही माहीत होतं. ती रागावेल, निदान दोन शिव्या देईल, असं मला वाटलं. तिने एवढंच सांगितलं की आईला यातलं काही कळू द्यायचं नाही. सुनावणीची तारीख परवाच होऊन गेली होती, आणि ती इथे होती.

आजी फुफूचे मऊ गोळे घेऊन आली आणि लेकीला खेटून बसली. एवढं हसताना मी तिला आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"परत कधी जायचंय गं तुला?" तिने विचारलं.

"आता नाही जायचं, आई."

आजीने दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. मग ती बोआडूकडे वळली.

"तुझा व्हिडिओ बघून आली माझी पोर," ती म्हणाली. "तुझे उपकार कसे फेडू रे बाळा?"

आणि भांड्यातला सगळ्यात मोठा मटणाचा तुकडा तिने त्याच्या वाडग्यात घातला. मोठ्या माणसाने वाढलेलं आमच्याकडे नाकारत नाहीत. बोआडूने हात धुतले आणि बिरागोसमोर तो सगळा खाल्ला.