कोणाच्या पुढ्यात काय

हॉटेलच्या वकिलाने सगळी भिस्त माझ्या वडिलांच्या तब्येतीवर ठेवली होती.

त्या रविवारी त्या हॉटेलात ज्यांनी भरलेलं चिकन खाल्लं, त्यातले बहुतेक सगळे अंथरुणाला खिळले. माझी आई त्यातून उठलीच नाही. चिकन नीट शिजवलेलं नव्हतं, एवढंच आम्हा दावेदारांचं म्हणणं होतं. पण तपासनीस पोचेपर्यंत स्वयंपाकघर घासूनपुसून लखलखीत झालेलं; तपासायला हाडसुद्धा शिल्लक नव्हतं. उरली फक्त माणसं आणि त्यांची पोटं. त्यांच्याबद्दल वकील सांगत होता की त्या आठवड्यात गावभर पोटाची साथ होती. आणि हॉटेलचं चिकन वाईट असतं, तर ते अख्खं संपवणारे हे गृहस्थ इथे ठणठणीत बसले असते का? यांच्या पत्नीने तर नुसतं सूप घेतलं होतं, आणि त्याच गेल्या.

हे त्याने मनाचं रचलं नव्हतं. आई अतिदक्षता विभागात होती तेव्हा तपासनिसाने बाबांना बाकावर बसवून विचारलं होतं, कोणी काय खाल्लं. मी औषधं आणायला खाली गेले होते. बाबांनी सांगितलं, मी चिकन, हिने सूप, मुलीने मासा. आणि खाली सही केली.

ते खोटं बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. आमच्या घराची एक खोड आहे. बाबांना दुसऱ्याच्या पुढ्यातलं नेहमी जास्त बरं दिसतं. बाहेर जेवायला गेलं की ते ऐटीत स्वतःचं मागवायचे, आणि दोन घासांत त्यांची नजर आईच्या प्लेटकडे वळायची. आई हे इतकं ओळखून होती की ती स्वतःसाठी मागवायचीच नाही. बाबांना शेवटी काय आवडेल ते मागवायची. मग प्लेटा टेबलावरून इकडच्या तिकडे जायच्या, कोणी काही बोलायचं नाही. आई एकदा मावशीला म्हणाली होती, "यांनी मागवायचं ते मला आणि मी मागवायचं ते यांना. लग्न तेवढं आपापलं झालंय, नशीब." पण नंतर कोणी विचारलं, काय खाल्लंत, की दोघंही आपण मागवलेलंच सांगायची. चिकन बाबांचं आणि सूप आईचं, मग ते कोणाच्याही पोटात गेलेलं असो.

त्या दिवशीही तसंच झालं होतं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं म्हणून आम्ही गेलो होतो. बाबांनी आख्खं मेनूकार्ड चष्म्याशिवाय मोठ्याने वाचून दाखवलं, अगदी तळाशी छापलेल्या सूचनेसकट, आणि आई म्हणाली, आता छापखान्याचं नावही वाचा. जेवण आलं तेव्हाच मला ऑफिसचा फोन आला. हॉटेलात गलका होता, म्हणून मी बाहेर जाऊन बोलले. परत आले तेव्हा आईच्या पुढ्यात चिकन होतं आणि बाबा सूप फुंकत होते.

आम्हा दावेदारांच्या वकीलबाईंकडून जबाबाची प्रत मिळाली तेव्हा मी हे बाबांना विचारलं. ते म्हणाले, "लिहिलंय ते लिहिलंय." मी पुन्हा विचारलं. ते उठून गॅलरीत गेले आणि वाळलेलेच कपडे उलटेपालटे करू लागले. बाबा सरकारी वजनमाप खात्यात होते. जन्मभर दुकानदारांच्या तराजूंखाली चिकटवलेली नाणी शोधली त्यांनी. आपल्या सहीखाली चूक असू शकते हे त्यांना आधीच पटत नसे, आणि ही तर नुसती चूक नव्हती. सूप बाबांनी प्यायलं असेल, तर चिकनची प्लेट त्यांच्या हातून आईकडे गेली होती.

वकीलबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. काकांना मी आधी विचारलं तर ते जबाबाला चिकटून बसतील, म्हणाल्या, आणि एकदा तोंडी चिकटले की संपलं. फक्त तुमचा नाही, सगळ्यांचा दावा. तुम्ही आधी बोला. मी विचारलं, त्यांच्यासमोर? त्या म्हणाल्या, खोली एकच आहे.

ते कोर्ट नव्हतं, लवाद होता. लांब टेबल, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, मान वळवत घरघरणारा पंखा. बाहेरच्या बोळात सगळे दावेदार बसलेले. त्यांच्यातला एक बसड्रायव्हर, ज्याला दावेदारांची यादी ठेवतो म्हणून सगळे सेक्रेटरी म्हणत, सांगत होता की त्या हॉटेलात एरवी अर्धा तास टेबल मिळत नाही, इथे बघा, सगळ्यांचं रिझर्व्हेशन. कोणी फारसं हसलं नाही. कोपऱ्यात एक बाई बसली होती. तिच्या दहा वर्षांच्या मुलीची मूत्रपिंडं त्या जेवणापासून कामातून गेली होती. तिला आठवड्यातून अनेकदा यंत्राला जोडावं लागे. बाई आधी बाबांची आवर्जून चौकशी करायची. जबाब सगळ्यांच्या हाती गेल्यापासून बोलत नव्हती. त्या दिवशी मात्र ती मला पाण्याच्या पिंपापाशी गाठून हळूच म्हणाली, "तुमचे बाबा धडधाकट आहेत, असेच राहोत. पण त्यांच्या धडधाकटपणात माझी पोर बुडतेय, ताई."

बाबा चार हातांवर होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. ते शर्टाच्या बाहीचं बटण लावत होते आणि ते लागत नव्हतं. मी लावून दिलं. बटण लावताना म्हटलं, "बाबा, मी आत सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"जे पाहिलं ते."

"तू बाहेर होतीस," ते म्हणाले.

तेवढ्यात आमचं नाव पुकारलं.

मी सांगितलं. प्लेटा बदलल्या होत्या. आमच्याकडे नेहमीच बदलतात. मी परत आले तेव्हा चिकन आईसमोर होतं आणि तिने ते संपवलं. बाबा माझ्या मागे, भिंतीकडच्या खुर्चीत होते. मी वळून पाहिलं नाही. पंखा वळला की त्यांच्या हातातल्या कागदांची फडफड ऐकू येई, आणि वळून गेला की काहीच नाही.

हॉटेलचा वकील सभ्य होता. आवाज चढवणारा असता तर सोपं गेलं असतं. त्याने विचारलं, प्लेट एकाकडून दुसरीकडे जाताना तुम्ही स्वतः पाहिली? मी म्हटलं, नाही, मी फोनवर होते. म्हणजे हा तुमचा अंदाज. मी म्हटलं, मला आमच्या घरची खोड माहीत आहे. तो म्हणाला, खोडीला पुरावा म्हणत नाहीत. मग त्याने बाबांचा जबाब उचलून लवादाच्या अध्यक्षबाईंना दाखवला. हे गृहस्थ आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासत आले. त्यांनी ताजं ताजं, दुसऱ्याच दिवशी, स्वतःच्या सहीने जे सांगितलं, ते आज मुलगी खोडून काढते आहे.

"तुमचे वडील खोटं बोलले, असं तुमचं म्हणणं आहे?"

खोलीतले सगळे माझ्याकडे पाहत होते. त्या आजारी मुलीची आई पुढे झुकली होती. मला कळत होतं की मी हो म्हटलं तरी तिचा फायदा नाही आणि नाही म्हटलं तरी नाही.

मी म्हटलं, "नाही. त्यांना वाटलं, कोणी काय मागवलं ते विचारताहेत." आणि मग, कोणी विचारलं नसताना, मी पुढे म्हटलं, "आईनेच मागून घेतलं असणार. ती नेहमी मागायची."

हे खरं नव्हतं. आई कधीच मागायची नाही. पण बाबांना बसायला तेवढी तरी जागा राहावी असं मला वाटलं.

मागे खुर्ची सरकली.

"तिने मागितलं नाही," बाबा म्हणाले. "मी दिलं."

वकिलाने हात वर करून सांगितलं की साक्षीदाराची पाळी अजून आलेली नाही. अध्यक्षबाईंनी त्याला थांबवलं आणि बाबांना पुढे बोलावलं. मी माझी खुर्ची त्यांना दिली. ते बसले नाहीत. टेबलाच्या कडेवर बोटं टेकवून उभे राहिले. वकीलबाई काही विचारणार होत्या, पण ते त्यांच्याकडे बघतच नव्हते.

जबाब चुकीचा आहे, ते म्हणाले. सूप मी प्यायलो. चिकनचा एक घास घेतला, कडेचा. तो गरम होता. मग मधला तुकडा कापून ओठांना लावला. मधे गार होतं.

खोलीत हालचाल झाली. इतक्या दिवसांत हे कोणीच बोललं नव्हतं. बाकीच्यांना चव आठवत होती, नंतरच्या उलट्या आठवत होत्या; मधे गार होतं हे कोणालाही सांगता आलं नव्हतं. वकीलबाईंची लेखणी थांबली.

हॉटेलच्या वकिलाने खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण तो म्हणाला, "गार होतं, तर परत का नाही पाठवलंत? तुमच्यासारखा माणूस?"

बाबा म्हणाले, "पाठवणारच होतो. हात वर केला होता. ही म्हणाली, पोरं किती धावताहेत बघा, कशाला त्यांना बोलणी खायला लावता. द्या इकडे, मला चालतं." त्यांनी टेबलाच्या कडेवरून बोटं उचलली. "तिला सगळंच चालायचं. मला गार चालत नाही. म्हणून दिलं."

सेक्रेटरी जमिनीकडे बघत होता. मुलीच्या आईने पदर तोंडाला लावला होता, आणि ती रडतेय की तिला सुटल्यासारखं वाटतंय, ते सांगता आलं नसतं.

अध्यक्षबाईंनी टंकलेखिकेला शेवटचा भाग वाचून दाखवायला सांगितलं. तिने सपाट आवाजात वाचलं, "पदार्थाच्या कडा गरम व मध्यभाग गार असल्याचे लक्षात आल्यावर साक्षीदाराने सदर पदार्थ आपल्या पत्नीस दिला."

"बरोबर आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"'तिने द्या म्हटल्यावरून', असं घाला त्यात," बाबा म्हणाले.

टंकलेखिकेने बोटं कळांवर ठेवली. ती टाईप करायला लागणार, तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला.

"नको. आहे तसंच राहू द्या."

कागद त्यांच्यासमोर आला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत, एकेक ओळ बोट धरून वाचला आणि सही केली.