कडेवरून कडेवर

"अक्का, हाऊ आवाज आज जवळतून ऊना व."

पुनम दारातच थांबली. मृणाली तिच्या कडेवर होती आणि तिला घ्यायला अंगणवाडीच्या ताईबाईने हात पुढे केलेले होते. पुन्हा एक बार झाला. पलीकडच्या लिंबावरचे कावळे उडाले.

ताईबाई हसली. "अवं माय, पाखरेसनी बंदूक शे ती. दादर भरावर ऊनी, पाखरे पडतीनच. तू काय गावमां नवी शे का?"

जानेवारीत आंबेबर्डीच्या शिवारात असे बार दिवसभर होत. प्लास्टिकचा पाइप, त्यात कार्बाइडचा खडा, थोडं पाणी आणि ठिणगी. दादर ज्वारीवरची पाखरं उडायची, तान्ही मुलं दचकायची, मोठी माणसं मानही वर करत नसत.

"मन्हं मन नही लागी ऱ्हायनं," पुनम म्हणाली. "आज कामवर नही जाऊ का?"

"जाय वं. केळीना टरक उभा शे. मुकादम बोंब पाडी." ताईबाईने मृणालीच्या काखांत हात घातले. "एवढी भागूबाई कशी व्हयनी तू?"

पुनमलाही हसू आलं. तिने लेकीच्या गालाला लागलेलं काजळ अंगठ्याने पुसलं आणि म्हणाली, "दिधं."

"लिधं," ताईबाई म्हणाली.

ही तिची पद्धत होती. तीस वर्षांपूर्वी ती अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. पहिल्याच पावसाळ्यात तिने एक पोर त्याच्या उंबऱ्यावर सोडलं आणि ती मागे वळली. घरात कुणी नव्हतं. पोर रांगत नाल्यापर्यंत गेलेलं सापडलं. वाचलं, पण ताईबाई त्यानंतर आठ दिवस जेवली नाही. तेव्हापासून पोर कडेवरून कडेवर जायचं. देणाऱ्याने दिधं म्हणायचं, घेणाऱ्याने लिधं. तो शब्द ऐकल्याशिवाय ताईबाई हात सोडत नसे. बाया थट्टा करत, "अक्का पोर देस का वावर लिखी देस?" पण शब्द म्हणत.

त्या दिवशी अकरा मुलं आली. सेविका ज्योती चोपड्याला मीटिंगला गेलेली, म्हणून सगळं ताईबाईवरच. तिने खिचडीचा कुकर चढवला, सतरंजी झटकून टाकली. तेवढ्यात फोन वाजला.

"ताईबाई, दार लावा. आधी दार लावा!" ज्योतीचा आवाज ओळखू येत नव्हता. "आपला प्रेमराज... बंदूक घेऊन फिरतोय. लोणपाड्याला चार माणसं मारली त्याने. तिथून मोटारसायकलवर निघालाय, आपल्या गावाकडे. पोलीस निघालेत. तोवर मुलांना बाहेर काढू नका."

"कोणता प्रेमराज?" ताईबाईने विचारलं. गावात प्रेमराज एकच होता.

कापसाच्या जिनिंगवर रखवालदार होता तो. बंदूक त्याची लायसनची. पंचवीस वर्षांपूर्वी याच भिंतीला टेकून तो खिचडी खायचा आणि ताटली चाटून पुसून आणून द्यायचा. घरी सोडताना ताईबाईचा पदर मुठीत धरायचा. तिला ती मूठ आठवली.

सकाळचे ते दोन बार कुठून आले होते?

त्याचा विचार करायला वेळ नव्हता. पत्र्याच्या दाराची आतली कडी गंजून अडकली होती. तिने चपलेने ठोकून ती सरकवली, धान्याची कोठी ओढून दाराला लावली. खिडक्या मिटल्या. मुलं हा नवा खेळ बघत उभी राहिली. कुकर फुसफुसत होता, कधीही शिट्टी झाली असती. तिने गॅस बंद केला, ओलं फडकं झाकणावर दाबून धरलं. हाताला चटका बसला तो तिला संध्याकाळी कळला.

"अक्का, कोन ऊनं?" पाच वर्षांच्या प्रशीलने खणखणीत आवाजात विचारलं. तो सगळंच खणखणीत विचारायचा.

अकरा तोंडं. एकाने भोकाड पसरलं की बाकीची दहा सुरू होणार, हे ताईबाईला तीस वर्षांपासून ठाऊक होतं. तिने गुळाचा डबा काढला. खिडकीखालच्या भिंतीला सगळ्यांना चिकटून बसवलं, प्रत्येकाच्या तोंडात एकेक खडा घातला.

"चावाना नही. गालमां धरी ठेवाना," ती कुजबुजली. "ज्याना गूळ पह्यले सरी, तो हारना. बोलना तो भी हारना."

मुलांनी गाल फुगवले. मृणाली तिच्या मांडीत शिरली.

मोटारसायकल आली. अंगणात थांबली. बंद झाली.

पायांचा आवाज ओट्यावर चढला. दाराबाहेर पाण्याचा माठ होता. येणारा जाणारा कुणीही त्यातलं पाणी प्यायचा. झाकण उचललेलं ऐकू आलं. ओगराळं बुडालं. कुणीतरी घटाघटा पाणी प्यायलं, थांबलं, दम घेतला, पुन्हा प्यायलं. ताईबाईच्या आणि त्या घशाच्या मध्ये पत्र्याचं एक दार होतं. तिने प्रशीलच्या तोंडावर हात ठेवला. पोराच्या लाळेने आणि गुळाने तळवा चिकट झाला.

ओगराळं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग झाकण. नीट, जागच्या जागी.

"अक्का," बाहेरून दमलेला आवाज आला, "पानी लिधं व."

तीस वर्षं त्या शब्दाच्या जोडीला तिने दिधं म्हटलं होतं, आज म्हटलं नाही. ओठ आपसूक उघडले होते, ते तिने दातांनी धरले. दाराची फट उजेडाने पांढरी होती. तिथे सावली आली, राहिली. एका मुलाने गुळाचा घोट गिळला. तोही केवढा मोठा ऐकू आला.

सावली हलली. मोटारसायकल सुरू झाली आणि केळीच्या मळ्यांकडे गेली.

थोड्या वेळाने तिकडून बार ऐकू आले. एक. मग लागोपाठ दोन. पाखरांच्या बंदुकीचा बार पोकळ असतो, भप्पकन होतो. हे फटके कोरडे होते. एवढा फरक तिला सकाळी कळला नव्हता.

मृणालीने खडा दुसऱ्या गालात सरकवला आणि तिच्या कानाला तोंड लावलं. "अक्का, पाखरे उडाई ऱ्हायनात."

"हा, मन्ही माय," ताईबाई म्हणाली.

दुपारी पोलिसांनी दार वाजवलं. ताईबाईने आधी खिडकीच्या फटीतून गणवेश पाहिला, मगच कोठी सरकवली. प्रेमराज नाल्यात सापडला होता, जिवंत. तीन गावांत मिळून सात माणसं गेली होती. कुणी बांधाचं भांडण म्हणत होतं, कुणी बायकोचं. सात माणसांना पुरेल असं कारण मात्र कुणाकडे नव्हतं.

लोक मुलांना न्यायला अंगणवाडीकडे धावले, पण तिने कुणाला दारातून पोर उचलू दिलं नाही. नेहमीसारखी घरोघरी गेली. दिधं. लिधं. बाया शब्द म्हणता म्हणता रडत होत्या. प्रशीलच्या आजीने, भिकुबाईने, नातवाबरोबर ताईबाईलाही मिठीत घेतलं आणि कानात सांगितलं, "पुनम गयी व. टरकपाशीच पडनी."

शेवटचं घर पुनमचं. नवरा सुरतेला कामाला, सासरा आधारआबा तिच्या देहाबरोबर चोपड्याच्या दवाखान्यात गेलेला. दाराला कुलूप. ताईबाई मृणालीला घेऊन ओट्यावर बसली.

"आण मन्हाकडे पोर," शेजारची लताबाई म्हणाली. "तू सकायपशी उपाशी शे."

"लेनारा येवू दे."

"किती बसशी?"

ताईबाईने मृणालीला पदराखाली घेतलं. जाय वं, असं सकाळी ती म्हणाली होती. हसली होती. पुनमने लेकीच्या गालावरून फिरवलेला अंगठा तिला पुन्हा पुन्हा दिसत होता. काजळाची फिकट रेघ अजून तिथे होती.

दिवस मावळायच्या सुमाराला जीप आली. आधारआबा एकटाच उतरला. त्याच्या सदऱ्याची पुढची बाजू रक्त वाळून कडक झाली होती. ओट्यापाशी येऊन त्याने नातीकडे हात नेले, मग स्वतःचे हात पाहिले आणि मागे घेतले. अंगणातल्या टाकीशी जाऊन तो हात धुऊ लागला. कोपरापर्यंत धुतले, नखं घासली, पुन्हा धुतले. ताईबाई वाट बघत बसली. कुणी त्याला घाई केली नाही.

मग तो ओले हात घेऊन आला.

"आबा," ताईबाईला सांगायचं होतं, सकाळचं सगळं. पण तिने झोपलेली मृणाली पुढे केली. "दिधं."

आबाचे ओले पंजे फ्रॉकच्या पाठीवर उमटले. ओठ हलले. शब्द आला नाही.

ताईबाईने मुलीखालचा आपला हात तसाच ठेवला, आणि तो शब्द यायची वाट बघत दोघं पोर मधे धरून उभी राहिली.