समासातलं माणूस

पन्नाशी हाकेच्या अंतरावर आली तरी घरात तिला बेबीच म्हणत. घरात म्हणजे फोनवर. दादा-वहिनी दुसऱ्या शहरात, आई जाऊन बराच काळ लोटलेला, आणि लग्नाचा विषय सगळ्यांनी मिळून केव्हाच गुंडाळून ठेवलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायची. नवीन यंत्राच्या खोक्यात जी पुस्तिका येते, जी कुणी उघडत नाही आणि यंत्र रुसलं की सगळं घर शोधत बसतं, ती लिहिणारी बाई म्हणजे बेबी.

शेजाऱ्यांच्या लेखी ती मोकळीच होती. "तुम्ही घरीच असता ना," असं म्हणत सगळ्या मजल्याची पार्सलं तिच्या दाराशी यायची. वहिनी म्हणायची, "तुझं बरं आहे बाई. ना साहेब, ना हजेरी, ना डबा." बेबी नुसतं "हो ना" म्हणायची. सांगायला बसावं तर आधी काम समजावून सांगावं लागे, आणि लोकांना एवढा धीर कुठला.

तिच्या टेबलावर दोन स्क्रीन होते. डाव्यावर यंत्राचे फोटो आणि आराखडे, उजव्यावर मजकूर. स्क्रीनवरचं चित्र टिपायला एक प्रोग्रॅम, त्यावर बाण काढायला दुसरा, आणि एकच सूचना दहा पुस्तिकांत वापरायची असेल तर ती एकाच जागी लिहून ठेवायला तिसरा. मजकूर कारखान्याच्या फाइलीत चढवला, की उजवीकडच्या समासात तपासणाऱ्याचे शेरे उमटायचे. तिथे कुणालाच नाव नव्हतं. ती 'लेखन-४' होती. शेरे मारणारं माणूस 'तपासणी-२'.

बेकऱ्यांसाठी पीठ मळायची यंत्रं बनवणाऱ्या या कारखान्याचं काम तिला पहिल्यांदा मिळालं, तेव्हा तिने लिहिलं होतं, 'झाकण काळजीपूर्वक उघडा.' समासात शेरा आला, 'काळजीपूर्वक म्हणजे नेमकं काय करायचं?' ती चिडली. मग विचारात पडली. शेवटी लिहिलं, 'यंत्र बंद करा. पातं थांबेपर्यंत वाट पाहा. मग झाकण उघडा.' शेरा आला, 'आता बोटं शाबूत राहतील.' ती खुर्चीत एकटीच हसली.

तेव्हापासून वर्षानुवर्षं हे चाललं होतं. 'वाक्य लांब आहे. तोडावं.' 'तोडलं आहे.' 'इथे वाचणारा घाबरेल.' 'घाबरायलाच हवा.' 'मान्य.' दोन्हीकडून सगळं असंच, करतो नाही की करते नाही. मनातल्या मनात ती त्यांना मास्तर म्हणायची. टक्कल, नाकावर घसरलेला चष्मा, कोपरावर विरलेला स्वेटर. का कोण जाणे, तिने त्यांना विधुरही करून टाकलं होतं.

एकदा अंगात ताप असताना तिने एक प्रकरण कसंबसं पाठवलं. चुकांचा नुसता सडा पडला होता. समासात एकच शेरा होता. 'आज वाक्यं दमलेली वाटतात. सावकाश होऊ द्या.' त्या आजारपणात तिची विचारपूस करणारं दुसरं कुणी नव्हतं. दादाला तिने कळवलंच नव्हतं, आणि मजल्यावरच्यांनी पार्सलं तेवढी नेली होती.

मग एका सोमवारी शेरे बदलले. 'छान!' असा एक, पुढे उंचावलेल्या अंगठ्याचं चित्र. पुढच्या पानावर 'मस्त!' त्याच्या पुढच्या पानावर नुसताच अंगठा. बेबीला वाटलं, मास्तरांची आज गडबड असेल. आठवडाभर अंगठेच येत राहिले. शेवटी तिने जे कधी केलं नव्हतं ते केलं. मुद्दाम दोन ओळी उलट्या टाकल्या. 'यंत्र चालू करा. मग जाळीचं झाकण लावा.' आणि पदरात निखारा घेऊन बसल्यासारखी बसून राहिली.

'छान!'

तिने ताबडतोब ओळी सरळ केल्या आणि कारखान्याच्या व्यवस्थापकाला कॉल लावला. तो दर महिन्याला स्क्रीनवर दिसायचा. भला माणूस होता, पण कायम दुसऱ्या कॉलला उशीर झालेला.

"तपासणी-दोन बदललेत का?" तिने विचारलं.

"हो, ते खातं नव्या माणसाकडे गेलंय. का, काही अडचण?"

"आधी होते त्यांचं काय झालं?"

"काम सोडलं त्यांनी. घरगुती कारण होतं काहीतरी. अहो, निरोप समारंभ केला की आम्ही मागच्या महिन्यात, केक वगैरे." मग तो जरा चपापला. "तुम्हाला कळवायला हवं होतं खरं. पण बाहेरच्या लोकांची यादी वेगळी असते."

"हो, बरोबर आहे," बेबी म्हणाली, आणि कॉल संपल्यावर बराच वेळ काळ्या स्क्रीनमधल्या स्वतःच्याच चेहऱ्याकडे पाहत बसली. बाहेरचे लोक. खोटं काहीच नव्हतं त्यात.

यंत्र प्रत्यक्ष पाहायचंय असं सांगून तिने कारखान्यात जायची परवानगी काढली. गाव ओलांडून बस गेली, गोदामं लागली, मग एक लांबलचक पत्र्याची शेड. ज्या यंत्राबद्दल तिने शेकड्यांनी पानं लिहिली होती ते तिच्या छातीएवढं निघालं. फोटोत ते मिक्सरएवढं वाटायचं. फोरमन कौतुकाने एकेक भाग दाखवत होता. तिचं लक्ष नव्हतं. शेवटी तिने विचारलंच.

"तपासणी-दोन म्हणून जे बसायचे, ते कुठे बसायचे?"

"ते खिडकीपाशी. भिंगबाईंचं टेबल ते."

"बाई?"

"मग! एवढ्या मोठ्या इंजिनिअर, पण खिशात कायम भिंग. स्क्रू आला तरी भिंगाखाली, चहा आला तरी भिंगाखाली," फोरमन हसला. "मागच्याच गल्लीत राहतात. यजमानांचं काही खरं नाही हो. विसरतात सगळं. एकटं सोडायची सोय राहिली नाही, म्हणून सोडलं काम. फोन लावू?"

बेबी नको म्हणेपर्यंत त्याने लावलाही होता.

मागच्या गल्लीतलं दार उघडलं ते साठीला टेकलेल्या, उंच, ओल्या हातांच्या बाईने. तिने बेबीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तुम्ही लेखन-चार?"

"हो."

"अगं बाई. मी तर कुणीतरी एकटा राहणारा मुलगा धरून चालले होते. रविवारीसुद्धा उत्तर यायचं ना. मी यांना म्हणायचेसुद्धा, बिचाऱ्याचं घरी कुणी दिसत नाही."

"मी तुम्हाला मास्तर म्हणायचे," बेबी म्हणाली. विधुराचं तिने गिळून टाकलं.

आत खिडकीशी भिंगबाईंचे यजमान बसले होते. दाढी गुळगुळीत, सदऱ्याचं बटण एक घर चुकलेलं. "ही कोण?" त्यांनी विचारलं.

"माझ्या ऑफिसातली आहे," भिंगबाई सहज म्हणाल्या आणि चहा टाकायला वळल्या.

इतक्या वर्षांत कुणी बेबीला कुठल्याच ठिकाणची म्हटलं नव्हतं.

मग चहा आला आणि बोलायचं काय हेच दोघींना समजेना. समासात कधी शब्द अडला नव्हता. इथे हवापाणी झालं, बसची गर्दी झाली, व्यवस्थापकाच्या घाईवर हसून झालं. मधूनच भिंगबाई उठून यजमानांच्या हातातला कप सावरायच्या. उलट्या टाकलेल्या ओळींची गोष्ट बेबीने सांगितली, तेव्हा मात्र त्या ताठ बसल्या.

"सरळ केल्या ना लगेच?"

"त्याच क्षणी."

"पुन्हा असली परीक्षा घेऊ नका. कुणी वाचत नाही असं वाटलं, की मोठ्याने वाचायचं स्वतःशीच. मी पण तेच करायचे."

"ही कोण?" यजमानांनी पुन्हा विचारलं.

या वेळी बेबीनेच सांगितलं. "मी ऑफिसातली."

"असं होय," ते म्हणाले आणि समाधानाने बाहेर पाहू लागले.

निघताना भिंगबाईंनी फोन नंबर घेतला. "माझा काही नेम नाही हं. कधी करीन, कधी महिनोन्‌महिने नाही करायची."

त्या संध्याकाळी बेबीने वहिनीला मुद्दाम फोन करून सांगितलं, की ऑफिसातल्या मैत्रिणीकडे गेले होते. "तुला कुठलं आलंय ऑफिस?" वहिनी म्हणाली, आणि धाकट्या लेकाच्या खोकल्याकडे वळली.

नव्या तपासणी-दोनशी बेबीने बोलायचा प्रयत्न केला. त्याने नम्रपणे कळवलं, की त्याच्याकडे अशी बरीच खाती आहेत, आणि तिचं काम इतकं स्वच्छ असतं की त्याला काळजीच वाटत नाही. तो खोटं बोलत नव्हता. बेबी मजकूर मोठ्याने वाचू लागली. सुरुवातीला रिकाम्या खोलीत स्वतःचाच आवाज परका वाटायचा, घोगरा, न वापरलेल्या कडीसारखा. हळूहळू सवय झाली.

फोनची वाट पाहणंही तिने सोडून दिलं होतं, तेव्हा एका दुपारी तो आला.

"आत्ताच डोळा लागलाय यांचा," भिंगबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "काय चाललंय सध्या?"

"पट्टा बदलायचं प्रकरण."

"वाचा बघू."

बेबीने वाचायला घेतलं. दुसऱ्याच सूचनेला तिकडून आवाज आला, "थांबा. पट्टा सैल करायचा तो कुठल्या बाजूने?" बेबीने वाक्य सुधारलं, पुन्हा वाचलं. "हं. पुढे." अर्ध्या पानावर पोचली असेल नसेल, तोच तिकडे यजमानांची हाक ऐकू आली. भिंगबाई "आलेच" म्हणाल्या. ते बेबीला म्हणाल्या की त्यांना, ते कळलं नाही. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. बंद करायला त्या विसरल्या असाव्यात.

बेबी थांबली. तिकडे नळ सुटला, भांडं वाजलं, पाय घासत कुणीतरी खोलीतून गेलं. भिंगबाई काहीतरी समजावत होत्या, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, जराही आवाज न चढवता. शब्द ऐकू येत नव्हते. बेबीने फोन दोन स्क्रीनच्या मधोमध उभा करून ठेवला आणि उरलेलं पान मनातल्या मनात वाचू लागली, तिकडच्या आवाजांना धक्का लागू नये म्हणून.