मावशी आणि शटलची टिकटिक

मावशी शिलाई मशीन दुरुस्त करायच्या ते कानाने. चाक हळूहळू फिरवायचं, मान तिरकी करायची आणि शटल सुईला कुठे घासतंय ते त्या बारीकशा टिकटिकीवरून ओळखायचं. चाळीस वर्षं हेच चाललेलं. कान मंदावले तेव्हा लेकीने त्यांना ऐकण्याचं यंत्र घेऊन दिलं. वाटाण्याएवढं, कानाच्या आत बसणारं, कुणाला न दिसणारं.

माणसांचं बोलणं लख्ख ऐकू येऊ लागलं. पण त्याच आठवड्यात मावशींनी ‘ठणठणीत आहे’ म्हणून दिलेली दोन मशीनं सुया मोडून परत आली.

“आई, आता पुरे. लाव दुकानाला कुलूप,” लेक म्हणाली.

“लावीन. पण आधी त्या कानवाल्याला जाब विचारते.”

दुसऱ्या दिवशी मावशींनी बिघडलेलं मशीन उचलून थेट कान तपासण्याच्या खोलीत नेऊन आदळलं. लेक मागे ओशाळून उभी.

“मावशी, इथे मशीन?” तंत्रज्ञ गडबडला.

“तू माझे कान या गपगार खोलीत तपासलेस, बाळा. मी काय इथे बसून काम करते? आता फिरव चाक!”

त्याने फिरवलं. मावशींना काहीच टिकटिक ऐकू येईना. तंत्रज्ञाने स्वतः कान लावला, तर टिकटिक स्पष्ट होती; तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “हे यंत्र बोलणं वाढवतं आणि एकसारखा आवाज गोंगाट समजून दाबतं.”

“गोंगाट? माझं पोट भरतं त्याच्यावर!”

मग त्याने मावशींच्या एप्रनच्या खिशात डबी आणि तिथून कानात तार, असं यंत्र लावून पाहिलं. त्यात एप्रनचीच खसखस कानात घुसली. “काढ हे. कपड्यांशी गप्पा मारायच्या नाहीत मला.”

शेवटी आलं कानामागे बसणारं. त्याला एक बटण होतं. ते दाबलं की आवाज दाबणं बंद. मावशींनी बटण दाबलं, मान तिरकी केली. तंत्रज्ञाने पुन्हा चाक फिरवलं.

टिक. टिक.

“शटल केसभर पुढे सरकलंय!”

“पण आई, हे दिसेल गं. निदान कातडीच्या रंगाचं तरी घे.”

“चष्मा दिसतो तेव्हा लाजतेस का तू? लाल आहे का रे, बाळा?”

लाल होतं. लेकीने निघायला दार उघडलं, पण मावशी हलल्या नाहीत. त्यांनी एप्रनमधून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि त्याच टेबलावर मशीन आडवं केलं.

“कुलपाचं नंतर बघू. आधी हे नीट करते.”