ओल्या रंगाचा अंदाज

नव्या नळाची चावी चकचकीत होती आणि एका बोटानं फिरत होती, आणि पुष्पाबाईंना सकाळपासून छळत होतं ते नेमकं तेच. हात अजून जुन्या नळाच्या सवयीनं जोर लावायचा, पाणी धबकन यायचं आणि पातेल्यावरून उसळून थेट अंगावर. पुन्हा एकदा लुगडं भिजलं तेव्हा त्यांनी चडफडत नळ बंद केला आणि खाली वाटी ठेवली. वाटी कोरडीच राहिली. राहणारच, हा नळ जुन्यासारखा गळत नव्हता. त्यांनी वाटी उचलली, तिच्याकडे रागानं पाहिलं आणि परत तिथंच ठेवली.

इतकी वर्षं... लेक भूपेंद्र शाळेत जायचा तेव्हापासून त्या सांगत होत्या. हा नळ, मागच्या दाराची कडी — जी लावायला दार गुडघ्यानं रेटावं लागायचं — आणि न्हाणीतली ती उलट्या उताराची फरशी, जिच्यावरचं पाणी रोज खराट्यानं मोरीपर्यंत ढकलत न्यायचं. नवऱ्याचं, सुकलालांचं उत्तर ठरलेलं : रविवारी पाहू. आणि आता घर विकायला काढलं, दलाल एकदा येऊन मान वाकडी करून भिंती बघून गेला, "पुष्पाबेन, थोडुं रिपेर करावी दो, पछी जुओ," म्हणाला, म्हणजे जरा डागडुजी करून घ्या, मग बघा, आणि आठवड्याभरात सगळं झालं. कडी टिचकीनं बसते. न्हाणीतलं पाणी आपोआप वाहून जातं. म्हणजे होण्यासारखं होतं की सगळं! होत नव्हतं ते फक्त माझ्यासाठी. कोण कुठली बाई उद्या इथं राहायला येणार, तिचा गुडघा दुखू नये म्हणून या माणसाला आता हातोडी सापडली!

फोन वाजला. भूपेंद्र. तो आणि त्याची बायको धनश्री अडाजणला फ्लॅट पाहून बसले होते — लिफ्टचा, गच्चीवर झोपाळा असलेला — आणि त्या फ्लॅटचा रस्ता या दिंडोलीतल्या रो-हाऊसच्या विक्रीवरून जात होता.

"मम्मी, सांजले घर लेनारी पार्टी यी राहिनी. त्यासनासमोर जुनं काही काढू नको. फक्त हा म्हन."

फक्त हा म्हण. घर बाईच्या नावावर घेतलं तर नोंदणीला सोपं, असं तेव्हा कुणीतरी सुचवलं होतं म्हणून कागदावर त्यांचं नाव लागलं. त्या नावाची इतक्या वर्षांत कुणाला आठवण झाली नव्हती. आता लेक, सून, दलाल, सगळे त्यांच्या एका 'हा'साठी घरात मऊ आवाजात बोलत होते, आणि त्या मऊपणानं तळपायाची आग मस्तकात जायची. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारणही नव्हतं. गुडघे गेले होते, वरच्या खोलीचा जिना चढवत नव्हता, लिफ्ट कुणाला नको असते... पण हा म्हणायला तोंड उघडलं की नळ, कडी, फरशी असलंच काहीतरी बाहेर यायचं. आज संध्याकाळी ते एकदाचं म्हणायचं होतं.

बाहेरच्या खोलीचं दार सकाळपासून लोटलेलं होतं. आत सुकलाल भिंत रंगवत होते. दलालानं क्रीम रंग सांगितला होता, रंगारी पाठवतो म्हटलं होतं, पण यांनी ऐकलं नाही. पलसाण्याच्या मिलमध्ये उभा जन्म कापडाला शेड लावण्यात गेला, कलर मास्टर म्हणवून घेतलं, आणि स्वतःच्या भिंतीला दुसरा येऊन रंग लावणार? पांढऱ्याच्या डब्यात थोडा पिवळा टाकायचा, क्रीम होतं, त्यात काय एवढं. पुष्पाबाई मनात म्हणाल्या होत्या, करा, तेवढंच राहिलं होतं.

या घरात आले तेव्हाची गोष्ट... बाहेरच्या खोलीतली ती समोरची भिंत, जिथं श्रावणात कानबाई देवी बसवायची, ती हळदी करू या, असं त्या म्हणाल्या होत्या. नुसतं म्हणाल्या नव्हत्या, पदराचं टोक भिंतीला लावून दाखवलं होतं — असा, अगदी असा. आणि हे हसले होते. दिवसभर रंगच बघतो, घरी तरी डोळ्याला पांढरं असू दे. झालं, पांढरं तर पांढरं. मग दर श्रावणात कानबाईच्या आधी स्टुलावर चढून तो पांढरा चुना मारायचा कुणी? मीच. पदराचं टोक त्यांना आठवतही नसेल. त्यांना एखाद्या शेठच्या साडीचा काठ वर्षानुवर्षं आठवेल...

"जरा इकडे ये वं," आतून हाक आली. आवाज पडलेला होता.

पुष्पाबाईंनी दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबल्या. समोरची भिंत पिवळी होती. क्रीम नाही, लिंबू नाही. हळद. वरचा भाग वाळला होता आणि खालच्यापेक्षा गडद दिसत होता.

"हाई काय करं तुम्ही? क्रीम सांगेल व्हतं ना त्यानी!"

सुकलाल ब्रश घेऊन स्टुलाशी उभे होते. "ओलं व्हतं तवय क्रीमच दिसे," ते म्हणाले. "सुकावर फिकं पडी, अशे वाटनं माले."

कापड वाळलं की रंग उतरतो, फिका पडतो, म्हणून रंगवणारा शेड थोडी चढी, गडद धरतो, हे ऐकून ऐकून पुष्पाबाईंनाही पाठ होतं. भिंतीचा हा डब्यातला रंग वाळला की उलट चढतो, हे त्यांना आत्ता, या क्षणी कळत होतं. म्हणजे चूक. मिलच्या माणसाची साधी चूक. आता पार्टी येणार, दलाल कपाळाला हात लावणार, भूपेंद्र आरडाओरडा करणार... त्या बोलायला निघाल्या, चांगलं खरमरीत बोलायला. सगळं तयार होतं, नळ, कडी, फरशी, रविवार.

आणि त्यांनी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. तो रंग अगदी तोच होता. पदराच्या टोकाचा.

सगळ्या नोकरीत ज्याची एक शेड नापसंत होऊन परत आली नाही, त्याचा अंदाज नेमका आज, नेमक्या याच भिंतीवर चुकतो? त्यांनी नवऱ्याकडे निरखून पाहिलं. सुकलाल नखात अडकलेला रंग काढत होते. वर बघत नव्हते. मुद्दाम केलं का, असं विचारलं तर खरं सांगतील का? आणि चूकच झाली असेल तर... तर हे विचारून मी काय करणार?

"वरतून पांढरा मारी देऊ का?" सुकलालांनी विचारलं. "डबा शे अजून. सांजलोंग व्हई जाई."

पुष्पाबाईंनी उपडी बादली पायानं ओढली आणि भिंतीसमोर तिच्यावर बसल्या. गुडघे कुरकुरले. राग कुठं गेला नव्हता, छातीत होता तसाच होता, पण तो कुणावर काढायचा तेच आता कळेना, आणि याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला. संध्याकाळी काय म्हणणार आहे मी, त्यांनी स्वतःला विचारलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना उत्तर माहीत नव्हतं.

"नको," त्या म्हणाल्या. "आधी सुकू द्या."